आईला नवीन रस्ते लक्षात राहत नाहीयेत, हे वयामुळे की काळजी करायला हवी?

साधीवाट:
आईचं वय ७१. तीन महिन्यांपूर्वी आम्ही घर बदललं. जुन्या भागात ती तीस वर्षं राहिली, तिथला कोपरा न् कोपरा तिला पाठ, अजूनही कुठली गल्ली कुठे निघते ते घरी बसून सांगते. पण इथे घरापासून बागेपर्यंत फक्त तीन वळणं आहेत आणि दोनदा चुकलीये. गंमत नाही, खरंच घाबरली होती. जाताना नीट जाते, येताना गडबड होते, हे मला कळतच नाही, रस्ता तर तोच आहे ना? शिवाय मी सोबत असते तेव्हा गप्पा मारत मारत वळण सोडून सरळ पुढे जाते. माझ्याबरोबर दहा-बारा वेळा गेली असेल तरी डोक्यात काही बसलेलं नाही. भाऊ म्हणतो ही डिमेन्शियाची सुरुवात आहे, मी म्हणते वय झालं. परवा माझा तोल गेला, "अगं आई इतका सोपा रस्ता आहे" असं जोरात बोलले आणि तिचा चेहरा बघून रात्रभर झोप नाही आली. कोणाला याबद्दल नीट माहिती आहे का?

ओसरी:
मी ज्येष्ठांबरोबरच काम करते, व्यवसायोपचार (रोजची कामं माणसाला स्वतःची स्वतः जमावीत यासाठीचे उपचार) हे माझं क्षेत्र, म्हणून जरा लांबण लावते.

आधी येतानाचं सांगते कारण त्यात बरंच काही आहे. रस्ता लक्षात ठेवायच्या दोन पद्धती असतात. एक म्हणजे 'निळं गेट आलं की उजवीकडे' अशी साखळी, सवयीने बसणारी. दुसरी म्हणजे डोक्यातला नकाशा, घर कुठे, बाग कुठे, आपण मधे कुठे. वय वाढलं की दुसरी पद्धत जास्त कमजोर होते, पहिली त्यामानाने टिकते. आता परत येताना साखळी उलटी करावी लागते, उजवं डावं होतं, गेट मागच्या बाजूने दिसतं, म्हणजे नुसत्या साखळीवर भागत नाही, नकाशा लागतो. मूळ रस्ता पुन्हा चालण्यापेक्षा तोच उलटा चालणं वयस्कर माणसांना जास्त जड जातं हे प्रयोगांतही दिसलंय. तेव्हा 'रस्ता तोच' हे आपल्यासाठी, त्यांच्यासाठी ते दोन रस्ते आहेत. येतानाचा रस्ता वेगळा शिकवा, बागेपासून सुरुवात करून.

आणि गप्पांचं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी साधी गोष्ट नोंदवली होती, बोलायला लागलं की चालता चालता थांबणारे ज्येष्ठ पुढे जास्त वेळा पडले. म्हणजे चालणं ही गोष्टसुद्धा या वयात लक्ष मागते. त्यात बोलणं आलं की वळणासाठी लक्ष उरतच नाही. वळण जवळ आलं की तुम्ही गप्प बसा, एवढ्यानेही फरक पडतो.

डिमेन्शियाबद्दल: नवीन रस्ता हळू शिकणं हे एकटं धरून घाबरू नका. ओळखीच्या, वर्षानुवर्षांच्या जागी हरवणं, हरवलोय हेच न कळणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पैशांच्या हिशोबात गोंधळ, असं काही असेल तर वाट बघू नका. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, मेंदूतला एन्टोरायनल कॉर्टेक्स हा भाग फार लवकर बाधित होतो आणि दिशेची जाण त्याच्यावर अवलंबून असते, म्हणून भावाची शंका अगदीच उडवून लावू नका. एकदा डॉक्टरांना दाखवा. बी१२, थायरॉइड, ऐकू कमी येणं, मोतीबिंदू, झोपेच्या गोळ्या, मन खचणं, यांनीही असंच होऊ शकतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे.

रानपाखरू:
ओसरींनी छान सांगितलंय, मी मेंदूकडून थोडं जोडतो, मला या विषयाचं वेड आहे. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी आणि जागा लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग, त्यात अशा पेशी असतात की आपण ठराविक जागी पोचलो की त्या पेटतात, जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांमध्ये त्या दाखवल्या. २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने शेजारच्याच एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये जागेची जाळी आखणाऱ्या पेशी शोधल्या, तिघांना मिळून २०१४ चं नोबेल मिळालं. पण मला सगळ्यात भिडलेला प्रयोग १९९७ चा. म्हाताऱ्या उंदरांना एका जागेतून बाहेर काढून पुन्हा तिथेच सोडलं तर कधीकधी त्यांच्या पेशी जुना नकाशा न उघडता भलताच नकाशा उघडायच्या. जागा तीच, मेंदूला ती नवी. तुमच्या आईचं हेच होतं असं मी म्हणत नाही, माणूस आणि उंदीर एक नाही, पण दहा वेळा जाऊनही ओळख पटत नाही तेव्हा मला हेच आठवतं आणि चिडायचं धाडस होत नाही.

आशेची बाजू पण आहे. २०११ मध्ये १२० ज्येष्ठांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, वर्षभर नियमित झपाझप चालणाऱ्या गटात हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्के वाढला, नुसते अंग ताणायचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांचा थोडा कमी झाला. म्हणून चुकते म्हणून तिला घरी बसवू नका, ते सगळ्यात वाईट.

तिसरावळण:
मोबाईलवर रस्ता लावून द्या की, बोलून सांगतो, प्रश्नच मिटला.

ओसरी:
@तिसरावळण हातात असू दे, हरवलं तर उपयोगाचा आहेच. पण रोज तो सांगेल तसं वळलं तर शिकणं होत नाही, लक्ष आवाजाकडे जातं, आजूबाजूला जात नाही. शिवाय चार्जिंग संपलं तर घाबरायची वेळ येते ती वेगळीच.

मागचीखोली:
मी ६९ वर्षांचा आहे, दुसऱ्या बाजूने सांगतो. मुलांना वाटतं आम्हाला रस्ता कळत नाही. अहो, आमचं अर्धं लक्ष पायाखाली असतं. फरशी उचकटलेली आहे का, पायरी किती उंच, मागून गाडी येतेय का, एकदा पडलेला माणूस जमीन बघूनच चालतो. मग झाड, गेट, पाटी बघणार कधी? आणि सोबत कोणी दंड धरून नेत असेल तर मी काहीच बघत नाही, रस्त्याची जबाबदारी त्याची, मी फक्त चालतो. दहा वेळा गेली तरी बसलं नाही म्हणता ना, मला वाटतं त्याचं कारण हेच असावं, ती गेलीच नाही, तिला नेलं गेलं.

माझ्या सुनेने काय केलं सांगतो. ती माझ्या दोन पावलं मागे चालायची आणि गप्प राहायची. प्रत्येक वळणावर मी थांबायचो, उभा राहून चांगलं बघायचो आणि मोठ्याने म्हणायचो, खांबापाशी डावीकडे. मग मागे वळून बघायचो की येताना हे कसं दिसेल. खूण नेमकी वळणावरची हवी हं, मधल्या कुठल्यातरी सुंदर घराचा काही उपयोग नाही, आणि उभी केलेली गाडी तर मुळीच नको, ती उद्या नसते. चुकलो तरी ती लगेच सांगायची नाही, जरा थांबायची, बहुतेक वेळा माझं मलाच कळायचं. मला एका रस्त्याला तीन आठवडे लागले. पण तो आता माझा आहे.

आणि ताई, "इतका सोपा" हा शब्द फार लागतो. सोपा आहे हे आम्हालाही माहीत असतं.

साधीवाट:
मागचीखोली काका, तुमचं वाचून रडले. खरंच मी तिचा हात धरूनच न्यायचे, पडेल या भीतीने, आणि वर बोलत राहायचे.

डॉक्टरांची वेळ घेतलीये पुढच्या आठवड्यात, भावालाही बरं वाटलं. तोपर्यंत दोन दिवस मी मागे चालले. काल पहिल्या वळणावर ती थांबली, खूप वेळ बघत राहिली, मला सांगावंसं वाटत होतं पण ओठ मिटून उभी राहिले. मग म्हणाली, "इथे खांब वाकडा आहे, इथून डावीकडे". दुसऱ्या वळणावर चुकली, वीसेक पावलं गेली आणि आपणहून परत फिरली. येतानाचं अजून जमत नाही, उद्यापासून बागेकडून सुरुवात करणार आहोत. घरी आल्यावर मी तिची माफी मागितली, ती म्हणाली, मला वाटलं तुला माझी लाज वाटते.