मदत हवी आहे: इंग्रजी पत्रात 'रिकन्सिडर' कसं वापरायचं?

गोदाकाठ
उद्या सकाळी पत्र द्यायचंय, जरा लवकर सांगा. मी लिहिलंय: 'आय रिक्वेस्ट यू टू रिकन्सिडर अगेन अबाउट माय क्लेम.' भाऊ म्हणतो चुकलंय, पण काय चुकलं ते त्याला सांगता येत नाही. नेटवर नुसता अर्थ मिळतो, तो मला माहीत आहे. बरोबर वाक्य हवंय.

शब्दवेडी
'अगेन' आणि 'अबाउट' दोन्ही काढा. 'री'मध्येच 'पुन्हा' आलं. आणि या क्रियापदाला कर्म थेट जोडतात, मध्ये शब्दयोगी काही लागत नाही: 'रिकन्सिडर माय क्लेम' किंवा 'रिकन्सिडर युअर डिसिजन'. 'डिस्कस अबाउट' चुकतं ते याच कारणाने.

सातारकर
पण 'थिंक अबाउट' चालतं ना? मग इथे का नाही? आमच्या ऑफिसात सगळे 'रिकन्सिडर अबाउट' लिहितात, कोणाचं काही अडलेलं नाही.

शब्दवेडी
'थिंक'ला 'अबाउट' लागतं, 'कन्सिडर'ला लागत नाही. दोन्हींचा अर्थ जवळचा असला तरी बांधणी वेगळी. ऑफिसात अडत नाही कारण तिथे सगळेच तसं लिहितात.

माळरान
पत्र कोणाला आहे? बँक, कॉलेज, सोसायटी? क्लेम कसला? त्यावर वाक्य ठरेल.

गोदाकाठ
मेडिक्लेमचा. आईचा. नाकारलाय. त्याचा इथे काय संबंध? मला फक्त वाक्य हवंय.

निवृत्त विमावाला
संबंध आहे ताई. 'कृपया फेरविचार करा' एवढंच लिहिलंत तर कंपनी 'फेरविचार केला, निर्णय तोच' असं कळवून मोकळी होईल. मी बरीच वर्षं क्लेम विभागात होतो. कारण काय दिलंय? पॉलिसी किती वर्षांची? ऑपरेशन कसलं?

गोदाकाठ
मोतीबिंदू. पॉलिसीला चार वर्षं झाली. पत्रात लिहिलंय की २४ तास ॲडमिट नव्हत्या म्हणून देता येत नाही. सकाळी नेलं, संध्याकाळी घरी आणलं. डॉक्टरांनीच सोडलं हो!

निवृत्त विमावाला
हे आधी सांगायचं होतंत. मोतीबिंदू डे-केअरमध्ये मोडतो, तिथे २४ तासांची अट लागत नाही. पॉलिसीच्या पुस्तिकेत डे-केअरची व्याख्या आणि यादी काढा, त्या कलमाचा क्रमांक पत्रात घाला. मोतीबिंदूला साधारण दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तो तुमचा संपलेला दिसतोय, पण पुस्तिकेत तेही बघून घ्या.

कोर्टकचेरी
'रिकन्सिडर' कमजोर शब्द आहे. 'रिव्ह्यू' लिहा. सुप्रीम कोर्टातसुद्धा रिव्ह्यू पिटिशन असते.

शब्दवेडी
'रिव्ह्यू' म्हणजे तपासून बघणं, 'रिकन्सिडर' म्हणजे घेतलेल्या निर्णयावर पुन्हा विचार करणं. इथे निर्णय झालेला आहे, त्यामुळे 'रिकन्सिडर'च नेमका बसतो. तो कमजोरही नाही. आपल्या राज्यघटनेत आहे तो: १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ७४मध्ये राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार दिला, तिथे हेच क्रियापद आहे.

माळरान
आणि के. आर. नारायणन यांनी १९९७मध्ये तो वापरला. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस त्यांनी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली.

कोर्टकचेरी
पण २००६मध्ये कलामांनी लाभाच्या पदाचं विधेयक फेरविचारासाठी परत पाठवलं, तर संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि त्यांना सही करावी लागली. म्हणजे रिकन्सिडर केलं की निर्णय बदलतोच असं नाही. म्हणूनच म्हणतो, ताईंनी 'रिकन्सिडर'वर भिस्त ठेवू नये.

सातारकर
राष्ट्रपती कुठून आले? आणि 'काइंडली' घालायचं की 'प्लीज'?

हळदीकुंकू
पत्र मराठीतच लिहा ना. महाराष्ट्रात राहून कंपन्यांना इंग्रजीत विनवण्या का करायच्या? माझी सगळी पत्रं मराठीतच असतात.

गोदाकाठ
अहो, कंपनीचं पत्र इंग्रजीत आलंय, हेड ऑफिस दुसऱ्या राज्यात आहे. उद्या सकाळी द्यायचंय. 'रिकन्सिडर टू पे' चालेल का?

शब्दवेडी
नाही. पुढे क्रिया आणायची तर 'टू' नाही, 'इंग'चं रूप येतं. पण 'रिकन्सिडर पेइंग' लिहिलंत तर उलटाच अर्थ होईल: पैसे द्यायचं ठरवलंय, त्यावर पुन्हा विचार करा! तुम्हाला नकारावर फेरविचार हवाय. म्हणून लिहा: 'आय रिक्वेस्ट यू टू रिकन्सिडर युअर डिसिजन टू रिजेक्ट द क्लेम.' इथला 'टू रिजेक्ट' हा 'डिसिजन'ला जोडलाय, 'रिकन्सिडर'ला नाही. आधीच्या 'रिक्वेस्ट'मध्ये विनंती आलीच, 'काइंडली'ची गरज नाही.

निवृत्त विमावाला
त्या वाक्याच्या आधी हे घाला: 'कॅटरॅक्ट सर्जरी इज अ डे केअर प्रोसिजर अंडर क्लॉज अमुक ऑफ द पॉलिसी. द २४-अवर कंडिशन डझ नॉट अप्लाय.' कारण आधी, विनंती नंतर. पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे द्या, विषयात क्लेम नंबर हवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं.

सातारकर
चष्म्याचे पैसे पण मागा. माझ्या सासऱ्यांना मिळाले नाहीत, पण मागायला काय जातंय.

निवृत्त विमावाला
नको. बहुतेक पॉलिसींत चष्मा वगळलेला असतो. न बसणारी मागणी घातली की बसणारीही लांबते.

गोदाकाठ
कलम सापडलं, डे-केअरच्या यादीत मोतीबिंदू आहे! दोन्ही वाक्यं घातली. डिस्चार्ज कार्ड मूळ जोडू की झेरॉक्स?

निवृत्त विमावाला
झेरॉक्स. मूळ कागद हातचा सोडू नका. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.