यूके स्टुडंट व्हिसा: स्टिकर आणि बीआरपी कार्ड बंद झाल्यावर ई-व्हिसासाठी मुलांकडून काय काय करून घ्यायचं?

परदेशकक्ष_डेक्कन

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका कॉलेजच्या परदेशी शिक्षण कक्षासाठी माहितीपत्रक तयार करते आहे. आमच्याकडे यूकेला जाणाऱ्या मुलांसाठी जी सूचनांची यादी आहे ती जुनी आहे. पासपोर्टवर ९० दिवसांचं स्टिकर, तिकडे पोचल्यावर दहा दिवसांच्या आत बीआरपी कार्ड (तिथे राहायच्या परवानगीचं कार्ड) उचलायचं, असं सगळं त्यात लिहिलंय. आता स्टिकरही नाही आणि कार्डही नाही, आणि पालक विचारतात की मग हातात काय घेऊन जायचं.

मला चार गोष्टी पक्क्या हव्या आहेत. व्हिसा मंजूर झाल्याचा ईमेल आल्यापासून निघेपर्यंत क्रमाने काय करायचं? मधेच पासपोर्ट बदलला तर काय? अर्ज एजंटने स्वतःच्या ईमेलवरून भरला असेल तर काय अडचण येते? आणि जे आधीच तिकडे आहेत, ज्यांच्याकडे जुनं बीआरपी पडून आहे, त्यांनी काय करायचं? ऐकीव नको, नेमकं सांगा. मुलं घाबरून जातात आणि कुणालाही पैसे देऊन बसतात.

---

बाणेर_ते_बर्मिंगहॅम

ताई, पत्रकाच्या पहिल्याच ओळीत हे ठळक लिहा: ई-व्हिसा म्हणजे पीडीएफ नाही. ती यूकेच्या होम ऑफिसकडे, म्हणजे तिथल्या गृहखात्याकडे, असलेली ऑनलाइन नोंद आहे. एजंटने पाठवलेली 'ई-व्हिसा फाइल' किंवा स्क्रीनशॉट हा व्हिसा नाही. १५ जुलै २०२५ पासून स्टुडंट आणि वर्क व्हिसाच्या बहुतेक मुख्य अर्जदारांना स्टिकर मिळत नाही. त्यामुळे पासपोर्ट उलटसुलट करून त्यात काही शोधायला जाऊ नये.

आता क्रम. मंजुरीचा ईमेल आला की तो जपून ठेवायचा, प्रिंटही काढायची. मग 'गव्ह डॉट यूके' या यूके सरकारच्या साइटवर यूकेव्हीआय खातं, म्हणजे तिथल्या व्हिसा विभागाचं खातं, उघडायचं. त्याला एक पैसाही लागत नाही, त्यामुळे फी मागणारी साइट दिसली की तिथेच बंद करायची. खात्यासाठी पासपोर्ट, जन्मतारीख, व्हिसा अर्जाचा जीडब्ल्यूएफने सुरू होणारा नंबर, ईमेल आणि मोबाइल नंबर लागतो. ओळख पटवायला 'यूके इमिग्रेशन: आयडी चेक' हे अ‍ॅप आहे. फोन स्वतःचाच हवा असं नाही, आईबाबांचा किंवा मित्राचा चालतो. चेहरा स्कॅन करताना ट्यूबलाइट डोक्यामागे नको, समोर हवी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, आणि मुलांना वाटतं की अर्जातच काहीतरी चुकलंय. खातं आधीच असेल तर दुसरं काढू नका.

खातं उघडलं की ई-व्हिसा लगेच दिसेलच असं नाही. तो खात्याला जोडला जायला काही दिवस जाऊ शकतात, जोडला गेला की ईमेल येतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी खातं उघडायला बसू नये. मंजुरी आली त्याच आठवड्यात हे काम संपवायचं.

नोंद दिसू लागली की पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघायची: नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, फोटो, व्हिसा कधीपासून कधीपर्यंत आणि कामाच्या अटी. पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांना साधारणपणे टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम, अशी अट असते. शेवटची तारीख मात्र हिशेब करूनच तपासा. कोर्स १२ महिने किंवा जास्त असेल तर कोर्स संपल्यावर ४ महिने जास्तीचे मिळतात. ६ महिन्यांच्या वर पण १२ महिन्यांच्या आत असेल तर २ महिने. म्हणजे कॅसवर (युनिव्हर्सिटीने दिलेल्या प्रवेशाच्या पत्रावर) कोर्सची शेवटची तारीख १५ सप्टेंबर २०२७ असेल आणि कोर्स पूर्ण वर्षाचा असेल, तर व्हिसा १५ जानेवारी २०२८ च्या आसपास संपायला हवा. तो १५ नोव्हेंबरला संपताना दिसला, तर कॅसवरच्या तारखांमध्ये कोर्स बारा महिन्यांना थोडा कमी पडतोय का ते आधी बघा. 'एक वर्षाचं मास्टर्स' म्हणून ओळखले जाणारे काही कोर्स कागदावर अकरा महिन्यांचे असतात.

नावाचंही सांगतो. आपल्याकडच्या पासपोर्टवर आडनावाची ओळ वेगळी आणि दिलेल्या नावाची ओळ वेगळी, आणि दिलेल्या नावात बऱ्याचदा वडिलांचं नावही असतं. कॅसवर युनिव्हर्सिटीने वडिलांचं नाव गाळलेलं असतं, तिकिटावर आडनाव आधी छापलेलं असतं. ई-व्हिसावरचं नाव पासपोर्टशी जुळलं पाहिजे, बाकी कशाशीही नाही. जुळत नसेल तर 'गव्ह डॉट यूके'वर ई-व्हिसातली चूक कळवायचा ऑनलाइन फॉर्म आहे, तो त्याच दिवशी भरा. तिकडे बँक खातं आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर याच नोंदीवरून होतात, त्यामुळे आत्ता सोडून दिलेलं एक अक्षर महिनाभर पिच्छा पुरवतं.

---

सिंहगडरोड

शेअर कोडबद्दल, म्हणजे आपली व्हिसाची नोंद दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायच्या कोडबद्दल, भर घालते, कारण मुलं सगळीकडे एकच कोड देत सुटतात.

'व्ह्यू अँड प्रूव्ह' सेवेत लॉगिन करून कोड काढायचा. तो नऊ अक्षर-अंकांचा असतो आणि ९० दिवस चालतो, त्या काळात कितीही वेळा वापरता येतो. काढताना साइट विचारते की कशासाठी हवाय. नोकरीसाठी काढलेला कोड डब्ल्यूने सुरू होतो, इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरासाठीचा आरने, आणि बाकी सगळ्यासाठी, म्हणजे युनिव्हर्सिटी, बँक, प्रवास, एसने. घरमालकाला डब्ल्यूचा कोड दिला तर त्याची तपासणी पूर्ण होत नाही आणि तो म्हणतो की तुझा कोडच चालत नाही. कोड बरोबरच असतो, फक्त चुकीच्या कामाचा असतो. पहिलं अक्षर बघायची सवय लावा.

समोरच्याला कोडबरोबर जन्मतारीखही द्यावी लागते. ही दोन्ही हातात आली की फोटोसकट माहिती त्याच्यासमोर उघडते. म्हणून खोली शोधून देतो म्हणणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अनोळखी माणसाला, घर बघायच्याही आधी, हे पाठवू नये. याबाबत मुलांना जरा कडकपणेच सांगा.

---

परदेशकक्ष_डेक्कन

फार उपयोगाचं आहे हे, धन्यवाद. पासपोर्ट बदलण्याचा आणि एजंटच्या ईमेलचा मुद्दा कुणी सांगेल का? आमच्याकडे दोन्ही प्रकारची मुलं आहेत. एकीचा पासपोर्ट व्हिसा मिळाल्यावर खराब झाला आणि मुंढव्याच्या सेवा केंद्रातून नवा घेतला. आता जुना आणि नवा दोन्ही बरोबर नेले की चालेल, असं घरचे म्हणताहेत.

---

मुंढवा_पीएसके_जवळ

दोन्ही नेले तरी पुरेसं नाही, ताई. स्टिकर असायचं तेव्हा ते चालायचं, कारण जुन्या पासपोर्टवरचं स्टिकर दाखवता यायचं. आता व्हिसा पासपोर्टच्या नंबरला जोडलेला आहे. एअरलाइनच्या काउंटरवर नवा पासपोर्ट स्कॅन केला की सिस्टिम त्या नंबरवर परवानगी शोधते. खात्यात अजून जुनाच नंबर असेल तर तिला काही सापडत नाही.

त्यामुळे नवा पासपोर्ट हातात आला की पहिलं काम म्हणजे यूकेव्हीआय खात्यात जाऊन तपशील अपडेट करणं. त्यात प्रवासाचं कागदपत्र म्हणून नवा पासपोर्ट जोडायचा. हेही मोफत आहे. फोटोत पासपोर्टचं पूर्ण पान यायला हवं, चारही कोपरे दिसायला हवेत, प्लॅस्टिकवर दिव्याची चमक नको. अपडेट मंजूर झाल्याचं कळल्याशिवाय तिकीट काढू नका, किंवा तारीख बदलता येईल असं तरी काढा. जुन्या पासपोर्टचा नंबर कुठेतरी लिहून ठेवा. लॉगिन करताना खातं ज्या कागदपत्राने उघडलं त्याचा नंबर आणि जन्मतारीख विचारतात, आणि जुना पासपोर्ट घरच्या कपाटात राहिला की मुलगी तिकडे अडकते. रद्द झालेला पासपोर्ट बरोबर न्याच, फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललं असेल तरी हीच सेवा, पण नावबदलाचा पुरावाही द्यावा लागतो. खात्यात जुनं नाव आणि हातात नव्या नावाचा पासपोर्ट, अशा अवस्थेत विमानतळावर जाऊ नये.

आता एजंट. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. खात्यात जाताना नंबर आणि जन्मतारीख टाकली की सुरक्षा कोड ईमेलवर किंवा मोबाइलवर येतो. तो ईमेल आणि मोबाइल दोन्ही कन्सल्टंटच्या ऑफिसचे असतील, तर मुलाचा व्हिसा त्या ऑफिसच्या हातात राहतो. ऑफिस बंद झालं, तिथला माणूस सोडून गेला किंवा फीवरून वाद झाला, की शेअर कोडसुद्धा निघत नाही. म्हणून अजून अर्ज भरला नसेल तर मुलाचा स्वतःचा कायमचा ईमेल घाला. युनिव्हर्सिटीचा नको, तो शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकतो आणि व्हिसा त्यानंतरही चालू असतो. खातं एजंटच्या ईमेलवर आधीच उघडलं असेल तर त्याच्यासमोर बसून, त्याला आलेला कोड घेऊन, लॉगिन करा आणि तिथल्या तिथे ईमेल आणि नंबर बदला. तो दाद देत नसेल तर खातं परत मिळवण्यासाठी 'गव्ह डॉट यूके'वरच मदतीची सोय आहे. वेळ लागतो, पण मार्ग आहे.

मोबाइल नंबर भारतातला दिला असेल तर ते सिम चालू ठेवायचं, रोमिंगसकट. तिकडचं सिम घेतलं की खात्यात नंबर बदलायचा, आणि तो बदलून होईपर्यंत इथलं रिचार्ज संपू द्यायचं नाही. हे बारीक वाटतं, पण लॉगिनच्या निम्म्या तक्रारींचं मूळ हेच असतं.

---

औंधकर_८२

जुन्या बीआरपीबद्दल थोडक्यात. नवी कार्डं ३१ ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाली आणि बहुतेक कार्डांवर शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२४ छापलेली होती, मग खरी परवानगी २०२६ पर्यंत का असेना. कार्डाची तारीख संपली म्हणजे परवानगी संपली असं होत नाही. संपलेल्या कार्डावर प्रवास करू द्यायची सवलत १ जून २०२५ पर्यंत होती, ती आता नाही. खातं उघडलं नसेल तर आधी ते उघडा, मगच सुट्टीला पुण्याला यायचं ठरवा. इथे आल्यावर परतीच्या वेळी लक्षात आलं तर फार धावपळ होते. कार्ड फेकू नका, त्यावरचा नंबर खातं उघडताना आणि पुढच्या अर्जात उपयोगी पडतो.

पीएचडीवाल्यांसोबत जोडीदार आणि मुलं असतील तर प्रत्येकाचं खातं वेगळं, तान्ह्या बाळाचंसुद्धा. मुख्य अर्जदाराच्या खात्यात सगळं कुटुंब दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

---

बाणेर_ते_बर्मिंगहॅम

विमानतळाचं राहिलंच. एअरलाइनला उत्तर सहसा पासपोर्ट स्कॅन केल्यावरच मिळतं. तरी काउंटरवर कुणी 'व्हिसा स्टिकर दाखवा' म्हणालं तर वाद घालू नका. आधीच काढून ठेवलेला एसचा शेअर कोड कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असू द्या, सोबत मंजुरीच्या ईमेलची प्रिंट. स्क्रीनवर काहीच येत नसेल तर शांतपणे सांगा की कोड 'गव्ह डॉट यूके'वर तपासून बघा, किंवा तुमच्या कॅरियर सपोर्ट हबला विचारा. ही होम ऑफिसची मदतवाहिनी खास विमान कंपन्यांसाठी असते आणि चोवीस तास चालू असते. आपण तिथे फोन करायचा नसतो, तो काउंटरवाल्यांनी करायचा. या सगळ्याला वेळ लागू शकतो म्हणून मुंबईहून निघणाऱ्यांनी एक्सप्रेसवेवरच्या ट्रॅफिकचा हिशेब धरून तासभर आधीच पोचावं. लोहगावहून दुबईमार्गे एकाच तिकिटावर जाणाऱ्यांचे कागद लोहगावलाच बघतात. वेगवेगळी तिकिटं असतील तर दुबईला पुन्हा तपासतात, तेव्हा तो कागद चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

आणि तारीख. व्हिसा ज्या तारखेला सुरू होतो त्याच्या आधी यूकेत पाऊल ठेवता येत नाही. ६ महिन्यांहून मोठ्या कोर्सला तो लवकरात लवकर कोर्सच्या एक महिना आधी सुरू होतो. इथे उतरण्याची तारीख धरायची, निघण्याची नाही. दुपारी मुंबईहून निघालेलं थेट विमान वेळेच्या फरकामुळे लंडनला त्याच दिवशी संध्याकाळी उतरतं, म्हणून 'आदल्या दिवशी निघालो तरी दुसऱ्या दिवशी पोचू' हा अंदाज तिकिटावरची उतरण्याची वेळ बघूनच करा. उतरल्यावर बोर्डिंग पास टाकू नका, यूकेत कधी आलात याचा पुरावा म्हणून युनिव्हर्सिटी नावनोंदणीच्या वेळी तो मागू शकते.

---

परदेशकक्ष_डेक्कन

सगळ्यांचे मनापासून आभार. पासपोर्ट बदललेल्या मुलीला आजच फोन करून खात्यात नवा नंबर घालायला सांगते. पत्रकाचा मसुदा झाला की इथेच टाकते, तारखा आणि कोडची अक्षरं एकदा डोळ्याखालून घाला.