पाळणाघरवाल्या काकूंना सर्टिफिकेट हवंच का?

तिसरा_मजला

सोमवारी सकाळी एक जोडपं पाळणाघर बघायला आलं होतं. मुलगी नऊ महिन्यांची, आईची रजा संपलेली. बाबांनी मोबाईलमध्ये प्रश्नांची यादीच करून आणली होती. सीसीटीव्ही आहे का, टीव्ही किती वेळ लावता, आणि शेवटी, "तुम्ही चाइल्ड केअरचा काही कोर्स केलाय का?" मी म्हटलं, बी.कॉम. आहे, सतरा वर्षं मुलं सांभाळतेय, पहिल्या मुलांपैकी एक आता इंजिनिअरिंगला आहे. ते "अच्छा" म्हणाले. त्या "अच्छा"चा अर्थ मला आता कळतो. परत आले नाहीत.

आधी राग आला. डोंबिवलीत सकाळी आठपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत सात मुलं, मदतीला एक मावशी, आणि पावसात लोकल अडकल्या की रात्री दहापर्यंत दोन-तीन पोरं आमच्याच ताटात जेवतात. याचं सर्टिफिकेट कोण देणार?

पण रात्री झोप लागेना, कारण चार वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. दीड वर्षाचा मुलगा, अंगात सकाळपासून कणकण. आईने सिरप देऊन सोडला होता. दुपारी झोपेतच त्याचे डोळे वर गेले, हातपाय ताठ, मग झटके. मावशी कांदा फोडून हुंगवायला धावली. मी काय केलं? दातखीळ बसू नये म्हणून चमचा घातला तोंडात. लहानपणी गावाला बघितलं होतं तसंच. दोन-तीन मिनिटांत झटका थांबला. रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी मुलाला नीट तपासलं, मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "चमचा कुणी घातला?" हिरडीतून रक्त येत होतं आणि पुढचा एक दात हलत होता.

त्याच्या आईने मला एका शब्दाने दुखावलं नाही. पण तेव्हा माझी तेरा वर्षं झाली होती या कामात, आणि त्या तेरा वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून विचारते. आमच्यासारख्या घरगुती पाळणाघरवाल्यांना प्रशिक्षण सक्तीचं असावं का? असावं तर कसलं, कधी आणि कुणाच्या खर्चाने? पोरं टाकून मी कोर्सला जाणार कशी, तेही सांगा.

आदूची_आई

काकू, तुमचा प्रामाणिकपणा आवडला. पण माझं उत्तर सरळ आहे: सक्ती हवीच. वडापावच्या गाडीला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, रिक्षा चालवायला बॅज लागतो, आणि सहा महिन्यांचं बाळ दहा तास ताब्यात घ्यायला काहीच लागत नाही. दारावर "पाळणाघर" अशी पाटी लावली की झालं. खारघरच्या पाळणाघरात बाळाला मारतानाचं २०१६ मधलं सीसीटीव्ही चित्रण आठवतंय ना? त्या आठवड्यात मी ऑफिसात बसून दर तासाला पाळणाघरात फोन करत होते.

कर्जत_फास्ट

ते प्रकरण घरगुती काकूंचं नव्हतंच. प्ले स्कूल आणि डे केअर होतं, पाटीबिटी लावलेलं. आणि बाळाला मारू नये हे कुठल्या कोर्सात शिकवायला लागतं का? सर्टिफिकेटने क्रौर्य थांबत नाही.

माझा मुद्दा पैशाचा आहे. बायको मॉलमध्ये, मी कुरिअर कंपनीत. काकू महिन्याला साडेचार हजार घेतात, त्यातही आठ दिवस इकडेतिकडे झाले तर चालवून घेतात. उद्या सक्ती आली की कोर्सची फी, नूतनीकरणाची फी, तपासणीला येणाऱ्या साहेबाचा चहा, सोसायटीची एनओसी. हे सगळं कुणाच्या खिशातून जाणार? फी आठ हजार होणार, नाहीतर काकू पाटी काढून गुपचूप चालवणार. मग तुम्हाला तपासायलाही कुणी सापडणार नाही. ज्यांना सर्टिफिकेट हवंय त्यांनी रंगीत भिंतींच्या डे केअरमध्ये पंधरा हजार भरावेत. आमच्या काकू आमच्याकडेच राहू द्या.

आदूची_आई

म्हणजे स्वस्त आहे म्हणून चमचा चालेल?

कर्जत_फास्ट

चमचा माझ्या आईनेही घातला असता. तिलाही सर्टिफिकेट लावणार का? :)

ओपीडीनंतर

बालरोगतज्ज्ञ आहे. भांडण चालू द्या, मध्ये एवढं लिहून जातो.

तापात येणारा झटका साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात दिसतो. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतो. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, आजूबाजूची टोकदार वस्तू सरकवा, गळ्याशी कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, औषध नाही. हात धरून झटका दाबायचा नाही. कांदा, चप्पल हुंगवायची गरज नाही. पाच मिनिटं उलटली की १०८ लावा. आणि झटका थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घशात काही अडकलं आणि बाळाचा आवाजच बंद झाला असेल तर: एक वर्षाखालचं बाळ हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठोके. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. पुन्हा ठोके. बाळाचं पोट दाबायचं नाही. दिसत नसताना घशात बोट घालून शोधायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. बाळ खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या.

हे वाचून येत नाही. बाहुलीवर चार वेळा केलं की हाताला कळतं. दोन रविवार पुरतात. याला डिप्लोमा लागत नाही. आणि जाता जाता, वर्षाच्या आत मध नको, आणि अख्खा शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष पाच वर्षांपर्यंत नको. डबा तुम्ही आई-वडीलच भरून पाठवता, काकू नव्हेत.

थेम्सकाठची_सखू

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला घरी मुलं सांभाळते. इथे सक्ती कशी असते ते सांगते, मग ठरवा.

आठ वर्षांखालचं मूल आपल्या घरी दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ पैसे घेऊन सांभाळायचं तर नोंदणी लागते. शाळा तपासणारी ऑफस्टेड ही सरकारी संस्था आमचीही तपासणी करते. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा बारा तासांचा कोर्स करायचा, तो दर तीन वर्षांनी पुन्हा. घरातल्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची पोलीस तपासणी, नवऱ्याचीसुद्धा. एकावेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं, त्यातली पाचांखालची तीन, आणि एक वर्षाखालचं साधारण एकच. काकू, तुमची सात मुलं ऐकून इथल्या तपासणी बाईंना घेरी आली असती.

तो बारा तासांचा कोर्स मला सोन्यासारखा वाटतो. त्यापुढचे कागद नकोसे झालेत. मूल वाळूत खेळलं तर ते का खेळलं, त्यातून काय शिकलं, याच्या नोंदी लिहिता लिहिता मुलाकडे बघायचं राहून जायचं. आता थोडं सैल केलंय म्हणतात. इंग्लंडमध्ये माझ्यासारख्या बायकांची संख्या २०१२ पासून निम्म्याहून खाली आली. पैसे कमी मिळतात हे मोठं कारण, पण कागदांना कंटाळून सोडलेल्या माझ्या माहितीतल्याच तिघी आहेत. तेव्हा कर्जत_फास्ट यांची भीती पोकळ नाही.

कर्जत_फास्ट

बघा! बिलायतेतून दुजोरा आला.

थेम्सकाठची_सखू

अर्धाच दुजोरा हं. बारा तास सोडू नका म्हणाले मी.

वाळूचा_ढीग

मी निवृत्त बालवाडी शिक्षिका. इतका वेळ गप्प होते, पण सगळी चर्चा झटका आणि घशात अडकणं याच्याभोवतीच फिरतेय. जीव वाचवणं पहिलं, मान्य. पण मूल दहा तास काकूंकडे असतं आणि झटका वर्षा-दोन वर्षांतून एखादा. उरलेल्या वेळेचं काय?

माझ्या इमारतीतल्या पाळणाघरात मी मध्यंतरी रोज दुपारी जाऊन बसायचे. काकू मायाळू, स्वच्छ, पण मुलांशी बोलणं फक्त सूचनांचं. "बस." "खा." "हात काढ." "झोप." एक दिवस मी वाटाण्याच्या शेंगा घेऊन गेले आणि अडीच-तीन वर्षांच्या चौघांना सोलायला बसवलं. शेजारी बसून होते, कारण दाणा नाकात जायला वेळ लागत नाही (डॉक्टर रागावायच्या आत सांगून टाकते). अर्धा तास टीव्ही लागला नाही. एक मुलगी दर शेंगेत किती दाणे ते सांगत होती, "तीन आहेत, आणि एक बाळ आहे." काकू म्हणाल्या, "अहो, ही बोलते?" चार महिने ती त्यांच्याकडे येत होती.

याला मी प्रशिक्षण म्हणते. त्याला कोर्सची फी लागली नाही, पण कुणीतरी येऊन शेजारी बसावं लागलं. आपल्याकडे हे नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा यांनी बालवाडीच पाड्यावर नेली, अंगणात भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मूल येत नाही म्हणून त्याला दोष देत त्या बसल्या नाहीत. काकू कोर्सला येऊ शकत नाहीत, तर कोर्सने काकूंच्या हॉलमध्ये यायला काय हरकत आहे?

आदूची_आई

छान लिहिलंत. पण सरकारला हे करायला काय होतं? मातृत्व रजेचा कायदा २०१७ मध्ये बदलला, रजा २६ आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची केली. २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचनाही आल्या: तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, वगैरे.

वाळूचा_ढीग

हो, पण त्या सूचना कंपन्यांच्या पाळणाघरांच्या. केंद्राची "पाळणा" योजना आहे, ती मुख्यतः अंगणवाडीला जोडून. तीन वर्षांखालच्या मुलांशी काय खेळावं, काय बोलावं यासाठी २०२४ मध्ये "नवचेतना" नावाचा आराखडा आला, तोही अंगणवाडी सेविकांना डोळ्यासमोर ठेवून. तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेतली काकू यातल्या कशातच बसत नाही. आणि मुंबई-ठाण्याची निम्मी घरं तिच्या जिवावर ऑफिसला जातात! (आकडा माझ्या डोळ्यांनी मोजलेला, कुणी पुरावा मागू नका.)

कर्जत_फास्ट

माझी बहीण अंगणवाडी सेविका आहे, म्हणून हे सरकारी प्रशिक्षण प्रकरण जवळून बघितलंय. "पोषण भी, पढाई भी"चं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं तिचं, ते तिला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण रोजचा जीव जातो तो पोषण ट्रॅकर ॲपमध्ये. मूल रडतंय आणि ती फोन उंच धरून रेंज शोधतेय. काकूंना एकदा यादीत घेतलं की त्यांच्याही हातात ॲप येणार. वाटाण्याच्या शेंगा राहतील बाजूला, शेंगांचा फोटो अपलोड करा म्हणतील. शेजारी येऊन बसणारी बाई हवी असेल तर मी पाठिंबा देतो. यादी, नंबर, तपासणी आली की माझा विरोध.

आदूची_आई

यादीच नको म्हटलं तर उद्या काही झाल्यावर जाब कुणाला विचारायचा? मी या मुद्द्यावरून हलणार नाही. वाटाणे गोड आहेत, पण परक्या घरात माझं मूल आहे. निदान प्रथमोपचार शिकलेत की नाही एवढं दारावर लिहिलेलं असावं. सक्तीशिवाय शिकतात ते आधीच चांगले असतात. बाकीच्यांचं काय?

तिसरा_मजला

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, मुलं झोपली असताना, म्हणजे तुकड्या-तुकड्यांत. डॉक्टरांचा प्रतिसाद मावशीला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग आमच्या गावाला इतकी पोरं कांद्याने बरी झाली ती?" मी म्हटलं, ती आपोआप झाली. तिला पटलेलं नाही.

कर्जत_फास्ट, तुमचं ॲपचं म्हणणं वाचून हसले, पण फीबद्दल एक सांगू? आठ दिवस चालवून घेते, ते माझ्याच भाजीचे पैसे असतात. स्वस्त पाळणाघराचा खर्च कुणीतरी भरतंच, तो आम्ही भरतो. त्यात आणखी कोर्सची फी आम्हीच भरायची असेल तर मीही सक्तीच्या विरोधात. पण पालक आणि आम्ही मिळून भरणार असू तर आदूच्या आईची पाटी मी स्वतः दारावर लावेन.

वाळूचा_ढीग ताई, "बस, खा, झोप" वाचून जरा लागलं. दुपारी मोजलं, तासाभरात मी अकरा वेळा "नको" म्हणाले. सात मुलांत दुसरं सुचतही नाही, हेही लिहून ठेवा. सातची पाच करायची तर फी वाढवावी लागेल, मग पुन्हा तुम्ही सगळे भांडाल.

आमच्या गल्लीत आम्ही चौघी पाळणाघरवाल्या आहोत. तिघींशी बोलले. एक नाही म्हणाली, "मला शिकवायला आलेत का आता?" दोघी तयार आहेत. पालकांच्या ग्रुपवर टाकलं, प्रत्येकी दोनशे काढाल का? नऊ जणांनी होकाराचा अंगठा टाकला, दोघांनी "सीसीटीव्ही कधी बसवताय" विचारलं. पुढच्या महिन्यात माझ्या हॉलमध्ये, टीपॉय बाल्कनीत ठेवून. शिकवणारं कुणी आणि ती बाहुली, एवढंच अडलंय.

ओपीडीनंतर

बाहुली आहे माझ्याकडे, एक पाय तुटलाय पण छाती दबते. मी ठाण्यालाच असतो. रविवारी सकाळी चालेल, शनिवारी नको. पैसे नकोत, मावशींना मात्र नक्की बसवा.

कर्जत_फास्ट

पालकांनी यायचं का?

तिसरा_मजला

या की. डबे तुम्हीच भरता ना.