युद्धातील प्रेमकथा: शोकाची की एकटेपणाची?

कृष्णाकाठचा वाचक, सातारा

युद्धकाळात घडणाऱ्या प्रेमकथांविषयी लिहिताना शोक आणि एकटेपणा यांचा उल्लेख आपण नेहमी जोडीने करतो, जणू ते एकच दुखणे आहे. माझे मत निराळे आहे. शोकाला गेलेलेच माणूस परत हवे असते. एकटेपणाला, स्पष्टच बोलायचे तर, कोणीही चालते. कथेतील प्रेम कोणते वळण घेईल हे या दोहोंपैकी कोण वरचढ ठरते यावर अवलंबून असते, आणि ज्या लेखकाला हा भेद कळत नाही त्याची नायिका पहिल्याच भेटीत अकारण रडू लागते.

हेमिंग्वेच्या १९२९ सालच्या 'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीत कॅथरीन बार्कली या परिचारिकेचा वाग्दत्त वर पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील सोमच्या लढाईत मारला गेला आहे आणि त्याची छडी ती जवळ बाळगते. इटालियन सैन्याच्या रुग्णवाहिका पथकातील फ्रेडरिक हेन्री या अमेरिकन तरुणाशी तिची ओळख अगदी नवी असताना, आपण तिच्याकडे परत आलो आहोत, असे ती त्याच्याकडून वदवून घेते. तो तसे म्हणतो खरा, पण मनात या सगळ्याला पत्त्यांचा डाव समजतो. ती मेलेल्या माणसाशी बोलत असते आणि त्याला केवळ सोबत हवी असते. थोड्याच वेळात भानावर येऊन हा खेळ वाईट असल्याचे तीच त्याला सांगते. मिलानच्या रुग्णालयात पुढे फुलणाऱ्या प्रेमापेक्षा मला हा लबाडीचा प्रसंग अधिक खरा वाटतो, कारण पुढे छडीचा मालक मागे पडतो आणि कथा सरळ दोघांची होऊन बसते.

कोरेगावकर

आपली विभागणी वाचायला नेटकी आहे, परंतु मृत्यूची खात्री झालेली असेल तरच ती लागू पडते. युद्धात अशी खात्री ही अनेकदा चैनच असते. मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कुत येथे डिसेंबर १९१५ मध्ये जो वेढा पडला त्यात मराठा पलटणीही होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याने शरणागती पत्करली, आणि पुढे तुर्कांच्या कैदेत, चालवत नेताना वाटेवर आणि मजुरीवर, किती तरी जण मेले. आपल्या जिल्ह्यातील अशा एखाद्या शिपायाच्या बायकोची कल्पना करा. तिने कुंकू पुसायचे की ठेवायचे? शोक करावा तर तो अपशकुन, आणि न करावा तर मनात दुसरे काही उरलेले नाही. सात वर्षे ज्याची काहीच वार्ता नाही त्याला मृत धरण्याची सोय कायद्यात आहे. पण सासरच्या माणसांना ती सोय कधी मान्य होईल, हे कोणत्याच कलमात लिहिलेले नाही. त्या काळात तिच्या आयुष्यात कोणी आले, तर तिचे मन शोकाने वळले की एकटेपणाने, हे तिला स्वतःलाही सांगता येणार नाही. माझ्या मते युद्धातील प्रेमकथेचा सर्वांत समृद्ध ऐवज याच धूसर जागेत आहे आणि आपण तीच जागा वगळली आहे.

मिरजेची एक वाचक

आपण दोघेही ज्या स्त्रीविषयी बोलत आहात तिचा पहिला पुरुष लेखकाने मारला का, हा प्रश्न आपण विचारलाच नाही. कॅथरीनचा वाग्दत्त वर मेला नसता तर कथाच नव्हती. तिचा शोक म्हणजे दुसऱ्या पुरुषासाठी मोकळी केलेली वाट आहे, आणि शेवटी स्वित्झर्लंडमधील लोझानला बाळंतपणात तीही मरते, म्हणजे शोक करण्याचा मान पुन्हा नायकाकडेच जातो.

आपल्याकडे पाहायचे तर शौर्यपदक मिळालेल्या दिवंगत जवानाच्या पत्नीने पुनर्विवाह केला, तर पदकाचा भत्ता चालू राहण्यासाठी तो विवाह दिराशीच झालेला असावा, अशी अट २०१७ साली रद्द होईपर्यंत होती. काल ज्याला भाऊजी म्हणून हाक मारली त्याच्याशी सरकारी नियमाच्या साक्षीने संसार मांडायचा, आणि भिंतीवर हार घातलेला फोटो मात्र तसाच ठेवायचा. एवढे नाट्य दारात पडलेले असताना आपले लेखक परिचारिका आणि अधिकाऱ्यांच्या गोष्टी का घोळवत बसतात, हे मला समजत नाही.

कृष्णाकाठचा वाचक, सातारा

मिरजेच्या ताईंनी दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, असे मला नम्रपणे वाटते. त्या दिराच्या चेहऱ्यात तिला नवरा दिसत असेल तर ते शोकाचे लग्न, आणि दिसत नसेल, पण घरात बोलायला माणूस हवे असेल, तर ते एकटेपणाचे. लेखकाला एकदा निवड करावीच लागेल. कोरेगावकरांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. तरीही बेपत्ता माणसाची वाट पाहणे हा मी तिसराच भाव मानतो. आशा संपलेली नसेल तर त्याला शोक म्हणता येत नाही.

कोरेगावकर

तिसरा भाव निघाला म्हणजे दोनांची विभागणी मोडली. चौथाही निघेल.

माजी सैनिक, अपशिंगे

आमच्या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलण्याचा हक्क मला आहे असे समजतो. एकटेपणाला कोणीही चालते, हे वाक्य मला पटले नाही. ठाण्यावरच्या जवानाचा एकटेपणा बहुतेक वेळा एकाच माणसाच्या नावाचा असतो. त्या महायुद्धातील बहुसंख्य शिपाई निरक्षर होते. पत्र दुसऱ्याने लिहायचे, सेन्सॉरने वाचायचे, आणि गावी पोहोचल्यावर तिसऱ्याने चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवायचे, अशी त्याची तऱ्हा होती. जे खरोखर सांगायचे ते पत्रात येणारच कसे?

गुलेरींची 'उसने कहा था' ही १९१५ सालची हिंदी कथा आठवून पाहा. अमृतसरच्या बाजारात लहानपणी भेटलेली मुलगी पंचवीस वर्षांनी लहनासिंगाला सुभेदारीण म्हणून भेटते, युद्धात नवऱ्याला आणि मुलाला सांभाळ, असे सांगते, आणि तो त्यांच्यासाठी जीव देतो. त्याचे कोणी मेलेले नाही, म्हणून आपल्या हिशेबाने त्याला शोक नाही. आणि त्याला कोणीही चालणार नव्हते, म्हणून तो एकटेपणाही नव्हे. मग ते काय होते, ते सांगा.

मिरजेची एक वाचक

सुभेदारसाहेबांनी (हुद्दा मी अंदाजाने लिहिते आहे, चुकला असल्यास क्षमस्व) सर्वांत चांगले उदाहरण दिले, परंतु तेही लहनासिंगापाशी थांबले. कथेच्या शेवटी त्याच्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रातील दोन ओळींत येते. ती सुभेदारणीपर्यंत पोहोचली असेल, तर त्या घरात नवरा आणि मुलगा सुखरूप परतल्याचा आनंद चालला असताना तिला परक्या पुरुषासाठी रडण्याचा कोणता अधिकार होता? त्या बाईची कथा गुलेरींनी लिहिली नाही. साताऱ्याच्या कृष्णाकाठच्या वाचकांना माझे एवढेच विचारणे आहे की ती लिहायला घेतली, तर आपल्या दोन रकान्यांपैकी तिला कोणत्या रकान्यात बसवणार?