झटके थांबले, मग डोक्याला वायरी कशाला?

पुतणीचे झटके (फिट, आकडी) थांबून दुसरा दिवस उजाडला तरी आयसीयूत ईईजी (डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवणारी तपासणी) चालूच ठेवलाय, बिल वाढवायला का, असं एकाने विचारलंय. शंका रास्त आहे, पण याला खरंच वैद्यकीय कारण असतं.

हातपाय उडणं थांबलं म्हणजे मेंदूतला झटका थांबलाच असं नाही. मेंदूज्वर, डोक्याला मार, किंवा हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या मुलांमध्ये बाहेरून न दिसणारे झटके चालू राहू शकतात. मूल नुसतं झोपल्यासारखं दिसतं. व्हेंटिलेटरसाठी स्नायू शिथिल करणारं औषध दिलेलं असेल तर विचारूच नका, शरीर हलणारच नाही. नेहमीचा ईईजी 20-30 मिनिटांचा, त्यात हे सहज निसटतात. म्हणून ईईजी सहसा किमान 24 तास सलग, बेशुद्धी टिकली तर आणखी.

बाकी मेंदू जपण्याचं बरंचसं काम दिसायला साधं असतं. उशाकडची बाजू 30 अंश वर, मान सरळ, ताप चढू न देणं, रक्तातली साखर-सोडियम सांभाळणं, डोळ्यांच्या बाहुल्या पुन्हापुन्हा तपासणं.

मात्र एक विचाराच: ते रेकॉर्डिंग वाचतं कोण, आणि किती वेळाने? रात्रभर मशीन चालून अहवाल सकाळीच येणार असेल, तर रात्रीच्या झटक्याला औषधही सकाळीच. न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूविकारतज्ज्ञ) दुसऱ्या शहरातून ऑनलाइन बघत असतील तरी चालतं.

आणि घरी सोडताना झटका थांबवायला नाकात मारायच्या मिडाझोलम या औषधाच्या स्प्रेबद्दल विचारा. झटका 5 मिनिटांपेक्षा जास्त चालला तर किती मारायचा, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.