मदत हवी आहे: मांडीच्या हाडात ट्युमरची शंका, बायोप्सी नेमकी कुठे करावी?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन पोटात घाला. पुतण्या ११ वर्षांचा. बरेच दिवस उजवी मांडी दुखते म्हणत होता, आम्हाला वाटलं खेळताना लागलं असेल, नाहीतर वाढीच्या वयातलं दुखणं असेल. पण हे एकाच जागी, रात्री जास्त, झोपेतून उठून रडायचा आणि मधूनमधून बारीक ताप. मग सूज दिसायला लागली तेव्हा एक्स-रे काढला. हाड मधल्या भागात पोखरल्यासारखं दिसतंय आणि वरच्या आवरणावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर आलेत असं रिपोर्टमध्ये आहे. ईएसआर, सीआरपी (शरीरात दाह आहे का हे सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) दोन्ही वाढलेले.

पहिले डॉक्टर म्हणाले हाडाचं इन्फेक्शन, अँटिबायोटिक दिली, ताप उतरला पण दुखणं तसंच, आता ते म्हणतात या आठवड्यात हाड उघडून साफ करू आणि तुकडा तपासायला पाठवू. दुसरे म्हणाले आत्ता अजिबात हात लावू नका, युइंग सार्कोमा (हाडाचा एक कॅन्सर) असू शकतो, आधी एमआरआय करा. दादाच्या डोक्यात कुणीतरी भरवलंय की गाठीला सुई लागली की ती पसरते, त्यामुळे तो बायोप्सीच नको म्हणतो. वहिनीला काहीच सुचत नाहीये. कुणाचं ऐकायचं? थांबलो तर उशीर होईल का?

प्रतिसाद, एक ऑर्थो रेसिडेंट (हाडांच्या विभागात शिकणारा डॉक्टर):
पेशंट न बघता निदान सांगणार नाही, पण माझं मत दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने. ताप, वाढलेला ईएसआर आणि कांद्यासारखे थर हे इन्फेक्शनमध्येही दिसतं आणि युइंगमध्येही, इथे भलेभले गंडतात. युइंगमध्ये आतला भाग मरून पातळ झाला तर ऑपरेशनच्या वेळी तो पूसारखाही दिसू शकतो. म्हणून आम्हाला शिकवतात की ट्युमर वाटला तरी कल्चर (जंतू वाढतात का ते बघणं) लावा आणि इन्फेक्शन वाटलं तरी तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीला (मायक्रोस्कोपखाली पेशी तपासायला) पाठवा.

एमआरआय बायोप्सीच्या आधीच, कारण नंतर सूज आणि रक्तामुळे चित्र बिघडतं. आणि तो पूर्ण हाडाचा करा, सांध्यांसकट. बायोप्सी टाळता येत नाही हो, त्याशिवाय कुठली केमो द्यायची तेच ठरत नाही. सुई ज्या वाटेने जाते ती वाट पुढे मोठ्या ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर काढावी लागते. वाट चुकीच्या जागी पडली तर पाय वाचवणं अवघड होऊन बसतं, म्हणून शेवटचं ऑपरेशन करणाऱ्या टीमनेच बायोप्सी करावी. दादांची भीती अगदीच हवेतली नाहीये, पण त्यावर उपाय बायोप्सी टाळणं हा नाही, ती योग्य हातात देणं हा आहे. मात्र थांबायचं म्हणजे महिने नाही, लगेच अशी टीम असलेल्या सेंटरला दाखवा.

प्रतिसाद, एक आई:
माझ्या लेकीला गुडघ्याजवळ ऑस्टिओसार्कोमा होता, तो हाडाच्या कॅन्सरचा वेगळा प्रकार, तरी वाट साधारण अशीच असते. छातीचा सीटी होईल कारण हे ट्युमर पसरले तर फुफ्फुसात जास्त जातात, शिवाय पेट स्कॅन किंवा बोन स्कॅन. मग आधी केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो. मला वाटायचं गाठ समोर दिसतेय तर आधी काढा ना! पण दिसत नसलेल्या पेशी आधीच रक्तातून गेलेल्या असू शकतात, त्यासाठी केमो. काढलेल्या गाठीत किती पेशी मेल्या तेही बघतात, ९० टक्के किंवा जास्त असेल तर प्रतिसाद चांगला समजतात. तिचा पाय वाचला, आत इम्प्लांट आहे. केमोच्या औषधांपैकी सिस्प्लॅटिनमुळे कान आणि डॉक्सोरुबिसिनमुळे हृदय बिघडू शकतं, दोन्हीच्या तपासण्या आधीपासून होतात, नाही झाल्या तर तुम्ही विचारा. युइंगला रेडिएशनही लागू पडतं, ऑस्टिओसार्कोमाला तितकं नाही. गूगलवरचे जगण्याचे टक्के वाचत बसू नका, गाठ एकाच जागी आहे की पसरलीये यावर सगळं फिरतं आणि ते तुम्हाला अजून माहीतच नाही.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे. दादाला वाचून दाखवलं, साफसफाईचं ऑपरेशन थांबवलंय, एमआरआय उद्या. अजून एक, तोवर चालू फिरू द्यायचं का? घरात कुणी ना कुणी चोळून देतंय.

ऑर्थो रेसिडेंट:
चोळणं आजपासून बंद. पोखरलेलं हाड साध्या पडण्यानेही मोडतं आणि मोडलं की रक्ताबरोबर ट्युमरच्या पेशी आजूबाजूला जातात. पळणं, उड्या नकोच, त्या पायावर वजन कितपत द्यायचं ते दुसऱ्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, बहुतेक कुबड्या देतील. एक्स-रेच्या मूळ फिल्म आणि एमआरआयची सीडी घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको. बायोप्सीनंतर पॅथॉलॉजिस्टला ईडब्ल्यूएसआर१ जीनची (युइंगमध्ये या जीनमध्ये बदल झालेला असतो) टेस्ट करणार का ते विचारा, युइंग पक्का करायला ती लागते.