सोलापूर–मुंबई विमानभाडे: दुसरी कंपनी आल्यास उतरेल का?

प्रश्न (चाटी गल्ली, सोलापूर)
माझा टॉवेलचा व्यवसाय असल्याने मुंबईच्या निर्यातदारांकडे नमुने घेऊन जाणे नित्याचेच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानसेवा सुरू झाली, याचा मनापासून आनंद झाला. परंतु निर्यातदाराने उद्याच या म्हटले की तिकीट आवाक्याबाहेर गेलेले असते, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर बोलायलाच नको. दुसरी विमान कंपनी आल्यास भाडे उतरेल का?

उत्तर १
उतरेल, पण टिकणार नाही. सत्तर-पंचाहत्तर आसनांचे विमान भरून गेले काय किंवा निम्मे रिकामे गेले काय, इंधन, वैमानिक आणि देखभाल यांचा खर्च फारसा बदलत नाही. त्यामुळे मोजके प्रवासी दोघींत वाटले गेले, की एक कंपनी लवकरच गाशा गुंडाळते. छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत अनुदान घेणाऱ्या कंपनीला तीन वर्षे त्या मार्गाचा एकहाती हक्क मिळतो, तो याच कारणाने. इतके करूनही, कॅगच्या (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) २०२३ च्या अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते आणि सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली होती.

उत्तर २
खर्चाचा हिशेब मान्य आहे, मात्र दुसरी विमान कंपनी नाही म्हणजे स्पर्धाच नाही, हे मला पटत नाही. वंदे भारत साधारण साडेसहा तासांत मुंबईला पोहोचवते, सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रीतून नेते. ज्याचा प्रवास आधीच ठरलेला आहे, त्याच्याकडून विमान कंपनी मनमानी भाडे घेऊ शकत नाही, कारण तो सरळ रेल्वेने जाईल. ऐनवेळी निघणाऱ्याला मात्र रेल्वेत प्रतीक्षा यादीच मिळते, आणि त्याची अडचण होते ती इथेच. उडानमधील सवलतीची आसनेही लवकर आरक्षण करणारेच घेऊन जातात. मुंबईच्या मार्गासाठी राज्य सरकारने व्यवहार्यता तफावत निधी, म्हणजे कंपनीची तूट भरून काढणारे अनुदान, मंजूर केला आहे. पैसा जनतेचा असेल, तर सवलतीची काही आसने शेवटच्या दोन दिवसांसाठी राखून ठेवावीत, अशी अट घालायलाच हवी.

प्रश्नकर्ता
आपली सूचना योग्य वाटते. आमच्या व्यापारी मंडळींच्या बैठकीत ती मांडतो आणि पालकमंत्र्यांना द्यायच्या निवेदनातही घेतो. दुसऱ्या कंपनीची मागणी तूर्त बाजूला ठेवू.